नापास झालेली मुलं कुठे जातात?

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून पुतण्या आला होता. नववीत आहे. त्याला आणि त्याच्या चार मित्रांना सध्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं वेड लागलंय. माहीत नसेल तर सांगतो, 1974 साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. कागद, पेन्सिल, फासे आणि भरपूर बडबड, एवढंच सामान. एकजण जग उभं करतो, बाकीचे त्यात पात्रं होऊन फिरतात.

ह्यांचं जग म्हणजे बावीस बेटं. तिथले जादूगार दोरीला गाठी मारून वारा बांधून ठेवतात, खलाशी गाठ सोडतात आणि शिडं फुगतात. (कल्पना मी पुरवली. उत्तर युरोपातल्या खलाशांमध्ये असा गाठींतला वारा विकणाऱ्यांच्या दंतकथा खरंच होत्या.) नकाशा झाला, नाणी झाली, राक्षस तर पहिल्याच दिवशी झाले. मग साहेब म्हणाले, "काका, शाळा तू कर ना. तुला असलं जमतं."

असलं म्हणजे सिस्टिम. आता सॉफ्टवेअरवाल्याला कुणी प्रेमाने रिक्वायरमेंट दिली की तो शनिवार गेलाच म्हणून समजा. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. संध्याकाळपर्यंत फ्लोचार्ट तयार. बाराव्या वर्षी बावीस बेटांवरच्या सगळ्या मुलांची एकच परीक्षा. वरचे शंभर मोठ्या बेटावरच्या वातशाळेत. तिथे सात वर्षं, सात प्रकारच्या गाठी, शेवटी पदवी आणि निळी दोरी. मी जाम खूश.

पोराने कागद उलटसुलट करून पाहिला. मग एका चौकटीवर बोट ठेवलं. "काका, 'पास झाला का?' इथून 'हो'चा बाण पुढे जातो. 'नाही'च्या बाणापुढे काहीच नाही. नापास झालेली मुलं कुठे जातात?"

मी ऑफिसात ज्युनिअर पोरांचा कोड रिव्ह्यू करताना नेमकं ह्याच चुकीवरून लेक्चर देतो. एरर आली तर काय, ह्याचा विचार आधी करा म्हणून. पण मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. हा प्रश्न विचारणारा मुलगा माझ्या दादाचा आहे. आणि दादा 1994 साली दहावीला नापास झाला होता.

गणित आणि इंग्रजी. बाबा पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी तो मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात कामाला लागला आणि आमच्या घरात तो विषय संपला. तीन वर्षांनी माझा निकाल लागला तेव्हा पेढे वाटायला दादाच सायकलवरून फिरला. पुढे माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना मी "भाऊ बिझनेस करतो" असं सांगितलं होतं. खोटं नव्हतं. पण कसं सांगितलं ते मला माहीत आहे.

असो. रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. माझ्या डिझाईनच्या सगळ्यात जवळची खरी सिस्टिम म्हणजे चीनमधली सरकारी नोकरीची परीक्षा. जवळजवळ 1300 वर्षं चालली, 1905 साली बंद झाली. नानजिंगच्या परीक्षा केंद्रात 20 हजारांहून जास्त कोठड्या होत्या, एका कोठडीत एक उमेदवार. पास होणारे मूठभर. मग बाकीचे कुठे गेले? पू सोंगलिंग नावाचा एकजण पहिली पायरी चढला आणि पुढच्या पायरीवर वर्षानुवर्षं नापास होत राहिला. लोकांच्या मुलांना शिकवून पोट भरलं आणि भुताखेतांच्या, कोल्ह्यांच्या अद्भुत कथा लिहिल्या. आज चिनी साहित्यात त्याचं नाव आहे. दुसरा हाँग शिउछुआन. हा चार वेळा नापास झाला. तिसऱ्या अपयशानंतर आजारी पडला, त्या तापात त्याला दृष्टान्त झाले आणि पुढे त्याने जे बंड उभं केलं ते तायपिंग बंड, 1850 ते 1864. त्यात दोन कोटींच्या आसपास माणसं मेली असा अंदाज आहे. बंडामागे इतर कारणंही होती, मान्य. पण 'नाही'च्या बाणापुढे काहीच नाही म्हणून माणसं तिथे संपत नाहीत, एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षाच काढून टाकली. आता वातशाळा नाही, गुरुच्या शेजारी बसून शिकायचं. ह्याचंही खरं उदाहरण आहे. मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरचे माऊ पियाइलुग. लहानपणापासून आजोबांकडून तारे आणि लाटा वाचायला शिकले. 1976 मध्ये त्यांनी होकुलेआ नावाची शिडाची होडी हवाईहून ताहितीला नेली, चारेक हजार किलोमीटर, होकायंत्राशिवाय. झकास! माझी बेटं, माझे खलाशी, सगळं जुळतंय.

पण इथेही एक बाण अडकला. गुरुच्या शेजारी बसू कोणाला देणार? आपल्याकडे बापाचं काम मुलाने शिकायचं ही व्यवस्था शतकानुशतकं होती, तिला आपण जात म्हणतो. 1848 मध्ये फुले दांपत्याने भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती ह्याच बंद दारावर धडक होती. आणि माझंच घ्या. साखर कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाला कॉम्प्युटरच्या शेजारी कोणी बसवलं असतं? मला आत परीक्षेनेच घेतलं. त्याच परीक्षेने दादाला बाहेर ठेवलं. दोन्ही एकाच घरात.

माऊंची खरी गोष्ट पुढे आहे. ही विद्या घराण्यात ठेवायची असा रिवाज असताना त्यांनी ती हवाईतल्या परक्या मुलांना शिकवली. त्यातला नाइनोआ थॉम्पसन 1980 मध्ये स्वतः होडी घेऊन ताहितीला गेला.

रविवारी रात्री दादाला फोन केला. तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "दादा, तुला काम शिकवलं कोणी? आणि कसं?"

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मालकाने. जळलेली मोटार आली की जुनी तार काढायच्या आधी वेढे मोजायचे. सहा महिने मी फक्त मोजत होतो. चुकलं की परत मोज म्हणायचा. पण चुकलास म्हणून घरी जा, असं कधी म्हणाला नाही." मग लगेच, "का रे? पोराने काही केलं का?"

तर बावीस बेटांचा सध्याचा नियम असा. परीक्षा आहे, पण ती कितीही वेळा देता येते. 'नाही'चा बाण वळून पुन्हा दोरीपाशी येतो, आणि तिथे कोणीतरी शेजारी बसलेलं असतं. निळी दोरी मिळायची असेल तर आपल्या घरातला नसलेल्या एकाला तरी गाठ शिकवावी लागते. हा शेवटचा नियम पुतण्याचा आहे, माझा नाही.

इतक्या शिक्षकांचा पगार कुठून द्यायचा ते अजून सुटलेलं नाही. तो म्हणतो, ड्रॅगनकडे सोनं आहे :)