जून-जुलै धरू?

मोरा कोळीवाड्यातून आणलेल्या सुक्या बोंबलांची पुडी सोडली, तर आतल्या कागदावर छापलेलं : ‘प्र. 14. कुटुंबाचे मासिक उत्पन्न’. खाली पाच चौकोन, सगळे कोरे. माझ्याच जुन्या सर्व्हेचा उरलेला फॉर्म. रद्दीतून फिरत फिरत परत गावात गेला असणार.

हाच प्रश्न तिथल्या एका मावशींना विचारला होता. त्या जवळा वाळत घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “जून-जुलै धरू का नको?”

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. मग मासिक म्हणजे कुठला महिना?

पुढे कॉलेजच्या लॅबमध्ये एसपीएसएस शिकले. 1968 साली स्टॅनफर्डमध्ये जन्मलेलं हे सॉफ्टवेअर भलतंच आज्ञाधारक. पुरुष 1, स्त्री 2 असं कोडिंग करून लिंगाची सरासरी मागा, तीही देईल, दशांशासकट. उत्तर नसेल तिथे 99 टाकायचं आणि तो आकडा ‘मिसिंग’ आहे हे आधी बजावून ठेवायचं, नाहीतर तोही बेरजेत शिरतो. मावशींचं काय करू, विचारलं. गाइड म्हणाले, “99 टाक.” त्या 99 वर माझा अजून राग आहे. तोंडावर बोललेली बाई आणि तिच्या नावापुढे ‘उत्तर नाही’!

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आठवतात ते इथेच. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये दारिद्र्य मोजताना माणशी रोज 2250 कॅलरी धरल्या. त्यावर सुखात्म्यांचं म्हणणं, एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते. सरासरीखालचा प्रत्येक जण कुपोषित नसतो. गरिबाच्या पोटाबाबत हा युक्तिवाद मला निसरडा वाटतो. पण चढउतार हाच मोजायचा माल असतो, हे पटतं. मावशींनीही तेच विचारलं होतं.

होडीवर आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा होतं, मग वाटे पडतात : मालकाचा, तांडेलाचा, खलाशांचे. वाटा ठरलेला, रक्कम नव्हे. त्यात डोल जाळ्याचं सगळं भरती-ओहोटीच्या ओढीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मासळी, अष्टमीच्या भांगाला हात रिकामे. म्हणजे उत्पन्न महिन्यापेक्षा तिथीवर जास्त. आणि तिथी वेगळी विचारायचीही गरज नाही; प्रत्येक फॉर्मवर तारीख आहे, पंचांग लावलं की झालं. एसपीएसएसची जुनी फाइल पीएसपीपी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते. एक नवा रकाना घालायचा : उधाण 1, भांग 2.