नरकातला स्वयंपाक

नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी ज्याने अभ्यंगस्नान केले नाही तो नरकात जातो, ही भीती लहानपणीच मनात घातली गेल्यामुळे आपण सारे पहाटेच्या गारठ्यात डोळे चोळीत न्हाणीघराकडे धावतो. जपानमधल्या बेप्पू गावची तऱ्हा अगदी उलटी. तिथली माणसे न्हाण्यासाठीच नरकात जातात. आणि न्हाऊन भूक लागली, की त्याच नरकाच्या वाफेवर रताळी उकडून खातात!

हा 'नरक' माझ्या पदरचा नव्हे. जमिनीतून उकळते पाणी, चिखल आणि वाफ जिथे एकसारखी वर येते त्या जागेला तिथे 'जिगोकु', म्हणजे नरक, असेच म्हणतात. तिथे पीक येत नाही, जवळ जावे तर पाय भाजतो; दुसरे नाव सुचणार तरी कोणते? गंमत म्हणजे आपला संस्कृत 'नरक'सुद्धा बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोचला आहे. 'नाराकु' हा त्याचा जपानी अवतार, आणि काबुकीच्या रंगमंचाखालच्या तळघराला अजून तेच नाव आहे. आपल्याकडच्या काही नाट्यगृहांतल्या रंगपटांनाही ते शोभले असते. पण तो विषय वेगळा.

बेप्पू हे क्यूशू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ओइता प्रांतात आहे. फुकुओकाहून आगगाडीने दोन तास. समोर समुद्र, पाठीशी त्सुरुमी हा जागृत ज्वालामुखी आणि मधल्या उतारावर लाखाहून थोड्या अधिक वस्तीचे शहर. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, खाली तापतो आणि काही दशकांनी ऊन पाणी होऊन शहरात वर येतो. पाण्याची अशी दोन हजारांहून अधिक तोंडे एकट्या या शहरात आहेत. जपानातल्या दुसऱ्या कुठल्याही गावाला ते भाग्य नाही. संध्याकाळी टेकडीवरून पाहिले तर घराघरांच्या मधून पांढरे लोट उठताना दिसतात. आपल्याकडे खेड्यात चुली पेटल्यावर दिसते तसेच दृश्य. फक्त इथे चूल एकच, आणि ती जमिनीखाली.

मी तिथे गेले ती एका ठरीव सहलीतून. चार दिवस, आठ प्रवासी, एक मार्गदर्शिका. आणि कार्यक्रम म्हणजे रोज एक नवे स्नान आणि त्या प्रांताचे एक नवे जेवण. देवळे-राजवाडे जवळजवळ नाहीत. 'म्हणजे खायचं आणि न्हायचं? त्यासाठी इतक्या लांब?' असे घरी विचारले गेले, आणि मलाही ते थोडे चैनीचेच वाटत होते. पण विचार केला की लक्षात येते, अन्न आणि अंग या दोनच बाबतींत आपण सर्वांत जास्त जपून असतो. कोणाच्या हातचे काय खावे आणि कोणासमोर किती पदर ढळू द्यावा, यांवर आपल्या आज्या-पणज्यांचे सारे आयुष्य बेतलेले होते. या सहलीत दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी परक्यांच्या हाती सोपवायच्या होत्या. कारण जपानी सार्वजनिक स्नानगृहात अंगावर सूतही ठेवायचे नसते. बायकांचे आणि पुरुषांचे हौद वेगळे, एवढाच काय तो आडपडदा.

माझ्याबरोबर माझ्या थोरल्या वन्सं होत्या. वय बहात्तर, मासे नाहीत, मांस नाही, अंडेही नाही. सहा वर्षांपूर्वी छातीची शस्त्रक्रिया झालेली. त्यानंतर त्यांनी लग्नकार्यात बायकांच्या खोलीतसुद्धा कधी लुगडे बदलले नव्हते. 'मी नरक बघायला येते. न्हायचं तू न्हा,' असे त्यांनी मुंबईतच सांगून टाकले होते.

बेप्पूच्या स्टेशनाबाहेर पडताच एका टकल्या गृहस्थाचा पुतळा दिसतो. दोन्ही हात वर, अंगात झगा आणि झग्याच्या टोकाला लोंबकळणारे एक पिटुकले भूत! हे आबुराया कुमाहाची. १८६३चा जन्म, ओसाकाला तांदळाच्या सट्ट्यात पैसा कमावला, तो सगळा घालवला, अमेरिका गाठली, परत आले आणि १९११ साली बेप्पूत लहानशी खाणावळवजा सराई काढली. पुढे या माणसाने बेप्पूचा जो डांगोरा पिटला त्याला तोड नाही. डोंगर पाहावा तर फुजी, समुद्र पाहावा तर सेतोचा आणि ऊन पाण्याचे झरे पाहावेत तर बेप्पूचे, अशा अर्थाचा फलक त्यांनी चक्क फुजीच्या माथ्यावर नेऊन रोवला. १९२८ मध्ये त्यांनी नरक दाखवणारी बस सुरू केली, आणि तीत माहिती सांगायला तरुण मुली नेमल्या. त्या मुली सात-पाच अक्षरांच्या जपानी छंदात गात गात नरकांचे वर्णन करीत. जपानातल्या पहिल्या बस-मार्गदर्शिका त्याच, असे बेप्पूकर अभिमानाने सांगतात. थोडक्यात, आमची सहल ज्या झाडाचे फळ होती त्याचे बी इथेच पडले होते.

ते सात प्रसिद्ध नरक आम्ही एका सकाळीत उरकले. 'समुद्र-नरक' खरोखर सुंदर आहे. निळाशार आणि उकळता. 'रक्त-नरक' तांबड्या चिखलाचा, लोहामुळे लाल झालेला. एका ठिकाणी करडा चिखल गोल गोल बुडबुडे काढतो आणि ते मुंडण केलेल्या भिक्षूंच्या डोक्यांसारखे दिसतात म्हणून त्याला तसे नाव आहे. मगरींचा नरक मात्र मला आवडला नाही. ऊन पाण्यावर १९२३ पासून मगरी पोसल्या जातात, हे कौतुक ऐकायला ठीक. पण त्या बिचाऱ्यांनी कोणते पाप केले होते? गर्दीही फार. सगळे छायाचित्रे काढण्यात मग्न.

खरे बेप्पू भेटले ते कान्नावा या भागात. इथल्या जुन्या सरायांत शेतकरी कुटुंबे सुगी आटोपली की आठवडा-आठवडा येऊन राहत. येताना घरून तांदूळ, भाज्या, मिसो आणायचे. दिवसातून दोन-तीनदा न्हायचे आणि अंगणातल्या वाफेच्या चुलीवर आपले आपण शिजवायचे. जिगोकु-मुशी म्हणतात त्या स्वयंपाकाला, म्हणजे 'नरकाची उकड'. २०१० पासून तिथे प्रवाशांसाठी एक सार्वजनिक स्वयंपाकघरही आहे. चूल भाड्याने घ्यायची. चूल म्हणजे चौकोनी हौदासारखे बांधकाम. खालून जमिनीची वाफ, वर जड झाकण. टोपलीत भोपळा, गाजर, कोबी, रताळे, मका रचायचा, हातात जाड मोजे घालून टोपली आत सोडायची आणि घड्याळ लावायचे. झाकण उघडताच वाफेचा असा भपकारा येतो की समोरचा माणूस दिसेनासा होतो. थेट गणेशचतुर्थीचे मोदकपात्र!

इथे वन्संची अडचण कशी सुटली ते सांगितले पाहिजे. जपानात शाकाहारी माणसाचा घात करते ती मासळी नव्हे, मासळीचे पाणी. सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कढणाला 'दाशी' म्हणतात आणि ते आमटीत, भाजीत, कोशिंबिरीच्या सारातही असते. दिसत नाही, पण असते. पहिल्या दोन जेवणांत वन्संनी कोरडा भात आणि लोणचे एवढ्यावर भागवले. तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण भाताची वाटी खाली ठेवताना आवाज झाला. आणि नरकाच्या चुलीत? पाणी नाही, कढण नाही, तेल नाही. नुसती वाफ. तीही किंचित खारट. त्यामुळे भोपळ्याला वरून मीठ लागत नाही. वन्संनी आपली टोपली स्वतः रचली, आमच्या अंड्यांच्या टोपलीपासून वेगळ्या चुलीत सोडली आणि म्हणाल्या, 'साऱ्या जपानात सोवळं सांभाळलं गेलं ते नरकात!' आमच्याबरोबरच्या ऑस्ट्रेलियन जोडप्याला हे भाषांतर करून सांगताना माझी पुरेवाट झाली.

आमच्या मार्गदर्शिकेनेही मग कंबर कसली. वाळवलेल्या शिताके अळंब्यांच्या उत्पादनात ओइता साऱ्या जपानात पहिला. त्या अळंब्या आणि कोम्बु नावाचे समुद्रशैवाल भिजवून बौद्ध मठांत बिनमाशाचे कढण करतात. तसले कढण करवून तिने दांगोजिरु मागवले. कणकेच्या हाताने ओढलेल्या पट्ट्या, भाज्या आणि मिसो. पहिला घास घेताच वन्सं म्हणाल्या, 'अगं, या तर चकोल्या!' आणि पाठोपाठ यासेउमा आले तेव्हा तर त्या हसूच लागल्या. त्याच पट्ट्या उकडून, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात आणि साखरेत घोळवलेल्या. डाळ्याच्या पिठाची आठवण व्हावी असा खमंग वास. दोन बश्या संपल्या. मी खाल्लेल्या पीठ लावून तळलेल्या कोंबडीचे वर्णन इथे नको. ती उत्तम होती, एवढे पुरे.

आता न्हाण्याकडे वळते. वन्संची गोष्ट मी मार्गदर्शिकेच्या कानावर आधीच घातली होती. तिने आगगाडीतच, हवापाण्याविषयी बोलावे तशा सहजपणे, दोन मार्ग सांगितले. तासाच्या भाड्याने मिळणारे कुटुंबाचे स्नानगृह असते, आत कडी लावून न्हावे. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी खास न्हाण्याचे वस्त्र मिळते आणि ते पुष्कळ ठिकाणी चालते. वन्संनी खिडकीबाहेर पाहत ऐकले.

पहिल्या दिवशी त्या कुटुंबाच्या स्नानगृहात एकट्या गेल्या. दुसऱ्या दिवशी कान्नावाच्या वाफेच्या स्नानाला आमच्याबरोबर आल्या, कारण तिथे अंगात सुती झगा असतो. हे स्नानगृह इप्पेन नावाच्या फिरत्या भिक्षूने १२७६ साली सुरू केले, असे सांगतात. हा इप्पेन अमिदा बुद्धाचे नाम घेत, नाचत गावोगाव हिंडत असे. त्या वर्षी आपले ज्ञानेश्वर एक वर्षाचे होते, हे मी हिशेब करून सांगितल्यावर वन्संना इप्पेन एकदम घरचा वाटू लागला. दोन हात उंचीचे दार. वाकून आत शिरायचे. आत अंधार, ऊन वाफ आणि खाली सेकिशो नावाच्या ओल्या गवताची गादी. वास ओळखीचा वाटला, आणि तो वाटायलाच हवा. सेकिशो आपल्या वेखंडाच्याच कुळातले. बाळंतिणीच्या खोलीत आडवे झाल्यासारखे वाटते. आठ-दहा मिनिटांत हाक येते. ताकेगावारा या १८७९ पासूनच्या स्नानगृहात तर झग्यासकट ऊन वाळूत मानेपर्यंत पुरतात. तेही वन्संनी केले.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी वस्तीतल्या लहानशा स्नानगृहाकडे निघाले, तर वन्सं चपला घालून दारात उभ्या. अशी सार्वजनिक न्हाणीघरे बेप्पूत शंभरावर आहेत. गल्लीतले लोकच ती झाडतात, सांभाळतात. कपडे फळीवर ठेवले. वन्संनी ते न्हाण्याचे वस्त्र पिशवीतून काढले, हातात धरले आणि परत पिशवीत ठेवले.

आत तीन म्हाताऱ्या होत्या. एकीची कंबर काटकोनात वाकलेली, दुसरीच्या दोन्ही गुडघ्यांवर टाक्यांच्या लांब रेघा. 'ओहायो' झाले. कोणी वर पाहिले नाही, की पाहायचे टाळलेही नाही. हौदाबाहेर बसून अंग स्वच्छ धुतल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, हा तिथला पहिला नियम. म्हणून आम्ही लाकडी टमरेलांनी पाणी घेऊ लागलो. पाणी भलतेच कढत. गुडघ्यांवाली सरकली, थंड पाण्याच्या नळाजवळची जागा तिने वन्संना करून दिली. मग खुणेने काही विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता कापडाच्या तुकड्याने त्यांची पाठ घासायला लागली. मानेपासून कंबरेपर्यंत, भांडे घासावे तशी.

परत येताना वन्सं बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'आई गेल्यापासून माझी पाठ कुणी चोळली नव्हती.'

चौथ्या दिवशी आम्ही डोंगरावरच्या म्योबानला गेलो. तिथे गवताने शाकारलेल्या झोपड्यांत, जमिनीतून येणाऱ्या गंधकाच्या वाफेपासून 'युनोहाना' नावाचे न्हाण्याचे क्षार तयार करतात. काम तोकुगावा काळापासून चालत आलेले आहे. आमचे आठही जण पुड्या विकत घेत होते. वन्संनी मात्र एकच घेतली आणि भाव कमी होतो का ते विचारून मार्गदर्शिकेला लाजवले.

जाणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की सकाळचे स्नान चुकवू नका, रक्तदाब असेल तर कढत हौदात फार वेळ बसू नका, आणि शाकाहारी असाल तर दाशीविषयी जपानीत लिहिलेला कागद जवळ बाळगा. आम्ही दिवाळीनंतर लगेच गेलो होतो, त्यामुळे वन्संच्या सामानात उटण्याची एक पुडी उरली होती. शेवटच्या सकाळी ती त्यांनी गुडघ्यांवालीला दिली. तिने हुंगून पाहिली, कपाळाला लावली आणि घरी जाऊन पाच काबोसु घेऊन आली. आपल्या लिंबाच्या जातीचे हे फळ, नोव्हेंबरात पिवळे पडू लागलेले. फळे विमानातून नेता येणार नाहीत, असे मार्गदर्शिकेने सांगितले. तेव्हा दुपारच्या शेवटच्या जेवणात आम्ही पुन्हा एक चूल भाड्याने घेतली, आणि वन्संनी पाचही काबोसु उकडलेल्या भोपळ्यावर पिळले. ऑस्ट्रेलियन जोडप्यालाही वाढले.