भुजियावरील स्मृतिवन

प्रवासास निघालेल्या माणसाचीं पावलें सहसा देवळाकडे, किल्ल्याकडे किंवा पाण्याकडे वळतात. भुज येथील भुजिया डोंगरावर हीं तिन्ही आहेत. माथ्यावर जुना किल्ला, त्यांत भुजंगनागाचें देऊळ आणि उतारावर लहान लहान जलाशय. आम्ही मात्र गेलों तें त्या जलाशयांच्या भिंती वाचावयास. २६ जानेवारी २००१ रोजीं सकाळीं पावणेनऊच्या सुमारास कच्छची भूमि हादरली आणि सुमारें १३,००० माणसें मृत्यु पावलीं. त्यांचीं नांवें या भिंतींवर आहेत. सुमारें ४७० एकरांचें हें स्मृतिवन २०२२ च्या ऑगस्टांत लोकांस खुलें झालें. उतारावरचें पावसाचें पाणी अडवावें, त्यावर झाडें जगवावींत, आणि मृतांचें स्मरण त्या पाण्याच्या कांठीं राहावें, अशी ही योजना. कच्छसारख्या कोरड्या मुलुखांत याहून उचित तर्पण तें कोणतें?

नांवें वाचतां वाचतां आमच्या धाकट्या पुतण्यानें विचारलें, "काका, यांनीं काय पराक्रम केला होता?" आम्हांस उत्तर सुचेना. शिलालेख राजांचे, वीरांचे असावयाचे. येथें कोणी स्वयंपाकघरांत होतें, कोणी झेंडावंदनास निघालें होतें. अंजार गांवीं तर प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकींतलीं शाळकरी मुलें अरुंद गल्लींत ढासळत्या घरांखालीं सांपडलीं. त्यांचा पराक्रम नव्हता, तसा अपराधही नव्हता.

अपराध होता तो भिंतींचा. ओबडधोबड दगड मातींत रचून उभारलेली जड भिंत भूकंपाचा हिसका सोसूं शकत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे आपल्या किल्लारीस हेंच घडलें; माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. उलट कच्छी लोकांचे 'भुंगे', म्हणजे हलक्या छपराचीं वाटोळीं घरें, २००१ सालीं पुष्कळ ठिकाणीं टिकलीं. वाटोळ्या भिंतीवरील ताण सर्वत्र वांटला जातो.

घरीं परतल्यावर माजघराच्या भिंतीकडे आम्हीं प्रथमच निरखून पाहिलें. तीही दगडमातीचीच, लहानपणीं जाडी म्हणजेच बळकटी असें आम्ही समजत असूं. गवंड्यास बोलावण्याची गोष्ट काढतांच दादा म्हणाले, "शंभर वर्षें उभी आहे ती." आम्हीं वाद घातला नाहीं, पुतण्यास पुढें केलें. त्यानें पाठ झालेलीं पांचसात नांवें म्हणून दाखविलीं. दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. गवंडी सोमवारीं येणार आहे.