तबकडीची मोटर आणि ५० हर्ट्झ

जुन्या बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबलांत बहुधा एसी सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग व्होल्टेजवर नव्हे, पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. २४ ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला बरोबर २५० फेरे घेते आणि पुली व थाळी यांच्या व्यासांचे गुणोत्तर ते ३३ १/३ वर आणते. म्हणजे थाळीचा वेग सरळ ग्रिडच्या हवाली.

भारतात १९९०च्या दशकात हा ग्रिड भरवशाचा नव्हता. फ्रिक्वेन्सी भार वाढला की ४९च्या खाली उतरे, उतरला की ५१कडे चढे. ४८.५ हर्ट्झ म्हणजे वेगात ३ टक्के तूट. सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने सगळे गाणे खाली बसते. ४९.४लाच एका प्रमाणश्रुतीएवढा फरक पडतो. रेकॉर्डबरोबर तानपुरा जुळवू पाहणाऱ्याला तो ऐकू येणारच. २००२ साली पश्चिम विभागात वीजदर फ्रिक्वेन्सीशी जोडले गेले, ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचा ग्रिडही उर्वरित देशाशी जोडला, आणि आता मर्यादा ४९.९० ते ५०.०५ एवढी अरुंद आहे. ०.२ टक्क्याची चूक भल्या कानालाही सापडत नाही. त्यामुळे निव्वळ सुरासाठी आज पुण्यात मोटरला स्वतःची स्थिर फ्रिक्वेन्सी पुरवणारा कंट्रोलर बांधण्याचे कारण उरलेले नाही.

बाकीची कारणे मात्र पक्की आहेत. अमेरिकेतून परतलेली कुटुंबे सोबत टर्नटेबल आणतात आणि ११० व्होल्टचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून मोकळी होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. ६० हर्ट्झची पुली ५०वर थाळीला २७.८ एवढेच फेरे देते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरते आणि तापते. शिवाय ४५च्या तबकडीसाठी थाळी उचलून बेल्ट सरकवण्याचा त्रास वाचतो: ५० हर्ट्झच्या पुलीला ६७.५ हर्ट्झ दिले की काम झाले.

रचना तशी साधी. एका मायक्रोकंट्रोलरमध्ये साइन वेव्हचे कोष्टक साठवलेले असते. क्रिस्टलच्या ठोक्यावर तो एकमेकींपासून ९० अंश सरकलेल्या दोन लहरी तयार करतो. टीडीए २०३० सारखे दोन ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर त्यांना ताकद देतात आणि उलटे जोडलेले दोन ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्टचे मोटरला लागणारे व्होल्टेज करतात. मोटर जेमतेम काही वॉटची, त्यामुळे सारा माल बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतो आणि झिरो पीसीबीवर मावतो. दोन चॅनेल ही चैन नव्हे. मूळ मोटरमधला कंडेन्सर एकाच फ्रिक्वेन्सीला नीट फेज देतो, ६७.५वर तो चुकतो आणि थरथर वाढते. थाळीने वेग घेतल्यावर व्होल्टेज थोडे उतरवले तर मोटर आणखी शांत होते. दुसऱ्या चॅनेलचा प्रीसेट लावताना डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मोटरच्या अर्थ केलेल्या बॉडीला टेकवावा. गुणगुण सर्वात कमी ऐकू येते तिथे प्रीसेट सोडावा.

वेग तपासण्याच्या स्ट्रोब चकतीबद्दल मोठा गैरसमज आहे. मेन्सवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि ३३ १/३ची चकती १८० रेघांची असते. कंट्रोलरशिवाय, मेन्सवरच चालणाऱ्या टर्नटेबलावर या रेघा जवळजवळ नेहमीच स्थिर दिसणार, कारण दिवा आणि मोटर दोन्ही त्याच ग्रिडवर आहेत. ग्रिड घसरला तर दोघे एकत्र घसरतात. ड्रायव्हरवाल्या कित्येक एलईडी दिव्यांत तर १०० हर्ट्झची लुकलुक नीटशी नसतेच. क्रिस्टलवर चालणारा स्वतंत्र स्ट्रोब हवा. तो नसेल तर थाळीवर कागदाचा कपटा चिकटवून फेरे मोजावेत: १०० फेऱ्यांना बरोबर ३ मिनिटे लागली पाहिजेत.

दुरुस्तीला आलेल्या घरगुती कंट्रोलरवर हात टाकण्याआधी बेल्ट काढून थाळी हाताने फिरवावी. घट्ट झालेले जुने ग्रीस आणि सैल बेल्ट यांचा दोष कितीदा तरी बिचाऱ्या सर्किटच्या माथी मारला जातो. मग ६० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून पुरवठा द्यावा. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोटर नुसती थरथरत असेल किंवा मनाला येईल त्या दिशेला फिरत असेल तर एक फेज मेलेली असते. बहुतेकदा ड्राय सोल्डर निघते. नाहीतर दोन्ही वाइंडिंगचे ओहम मोजून सारखे आहेत का पाहावे. उलटी फिरणारी मोटर एका वाइंडिंगची टोके बदलली की सुलटते.

हीटसिंक काही मिनिटांत हात न लावण्याइतका तापणे हे वेगळे दुखणे. उलट्या ट्रान्सफॉर्मरच्या ९ व्होल्टच्या बाजूला डीसी रेझिस्टन्स जवळपास नसतोच. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर थोडा डीसी राहिला तरी तो भरमसाट करंट ओढतो, कोअर सॅच्युरेट होतो आणि ट्रान्सफॉर्मर घुमू लागतो. मध्ये मोठा कपलिंग कंडेन्सर टाकला की हा डीसी अडतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे जीव घेणारे व्होल्टेज असते, म्हणून तिथली टोके स्लीव्हमध्ये झाकलेलीच हवीत.

डीसी मोटरीच्या टर्नटेबलांना यातले बरेच लागू नाही. त्यांत एएन ६६५१ सारखी आयसी मोटरच्या बॅक ईएमएफवरून वेग ओळखून सांभाळते. तिथे वेग डळमळला तर दोषी बहुधा प्रीसेट निघतो: वर्षानुवर्षे एकाच जागी राहून त्याच्या ट्रॅकवर ऑक्साइड धरलेले असते. तो बदलावा, त्याच बैठकीत सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही बदलावेत, आणि वेग ३३ व ४५ दोन्हींवर नव्याने लावून घ्यावा.