जातं कुठं गेलं?

आमच्या घरात सीडी प्लेअर आला 2004 साली. हरभऱ्याचे पैसे हातात होते, तालुक्याला गेलो आणि घेऊन आलो. घरात भजनाच्या तीन सीड्या. त्याच आलटून पालटून वाजायच्या.

मला मात्र एकच आवाज ऐकायचा होता. आईचा. 1994 साली पुतण्यानं टेपरेकॉर्डर जात्याजवळ ठेवून तिच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. गावात गिरणी येऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी डाळ भरडायला आई जात्यावरच बसायची. ती गेल्यावर कॅसेट ट्रंकेत पडून राहिली. ती आता घोगरी वाजायला लागली होती. म्हणून 2007 च्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका दुकानात दिली, म्हटलं, सीडी करून द्या. पोरगा म्हणाला, "एमपीथ्री करतो काका, शंभर भजनं पण टाकून देतो." मी खूश. कॅसेटचं आता काय काम, म्हणून ती त्याच्याकडंच ठेवून आलो. एवढा शहाणा मी.

घरी सीडी घातली तर प्लेअर गरगर फिरवायचा आणि सीडीच नाही असं दाखवायचा. रुईनं भिंग पुसलं, काही नाही. पुन्हा दुकानात. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण पोरानं नीट समजावलं. साध्या ऑडिओ सीडीत जास्तीत जास्त ऐंशी मिनिटं बसतात आणि ती कुठलाही प्लेअर वाजवतो. एमपीथ्री म्हणजे कानाला फारसं कळणार नाही तेवढं काढून टाकून आवाज लहान केलेला, म्हणून तेवढ्याच जागेत दीडशे गाणी मावतात. पण ती फाईल उलगडायची अक्कल प्लेअरमध्ये लागते. आमच्यात ती नव्हती. मला वाटलं, ही कडब्याची कुट्टीच की. थोड्या जागेत बसते, पण कुट्टीची परत पेंढी होत नाही.

त्यानं त्याच फाईलची ऑडिओ सीडी करून दिली. ती वाजली.

पंचमीला आक्का माहेरी आली. गुडघ्यांनी तिला बेजार केलं होतं, तरी फक्त हे ऐकायला आली होती. लहानपणी आईच्या समोर बसून खुंट्याला हात लावायची ती आक्काच. सीडी सुरू झाली. दोन ओव्या झाल्या, तीन झाल्या. आक्का प्लेअरकडं बघत राहिली आणि म्हणाली, "गळा आईचाच हाय. पण आरं, जातं कुठं गेलं?"

खरंच, घरघर नव्हतीच. आईचा आवाज नुसता हवेत टांगल्यासारखा, मध्येमध्ये पाण्यातून आल्यागत. मी इतका हरखलो होतो की माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं दुकान गाठलं. पोरगा म्हणाला, "खरखर होती काका, म्हणून कॉम्प्युटरवर साफ केलं." एकसारखा चालणारा आवाज तो कॉम्प्युटर खरखर समजून काढतो म्हणे. त्याची काही चूक नव्हती, त्याच्या घरी जातं कधी बघितलं असेल त्यानं? पण माझे पाय कापत होते. कॅसेट कुठं आहे? त्यावर कोणी दुसरं काही भरलं तर?

दोन खोकी उपसल्यावर सापडली. मी तिथंच स्टुलावर बसलो. म्हटलं, काही साफ करू नकोस. खरखर राहू दे, कोंबडं राहू दे. कॅसेट उतरवायला ती जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, घाई चालत नाही. एकतीस मिनिटं लागली. सरळ ऑडिओ सीडी केली, चार प्रती. आणि कॅसेट खिशात घातली.

तोवर आक्का सासरी गेली होती. तिच्याकडं प्लेअर नव्हता, मग आमचाच टॉवेलात गुंडाळून एस.टी.तून नेला. मांडीवर धरून बसलो होतो, कंडक्टर म्हणाला, "बाबा, लेकरू हाय का?"

संध्याकाळी लावला. आधी घरघर, मग आई. आक्का भिंतीला टेकून बसली, उजवा हात आपोआप फिरायला लागला. मध्येच म्हणाली, "थांब, आता दाणं घालंल." आणि जातं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

अर्धी सीडी झाली आणि लाईट गेली. रात्री साडेअकराला आली. मला डुलकी लागली होती. आक्का जागीच होती, मला हलवून म्हणाली, "ऊठ, फुडचं लाव."