ब्रेकला तेल नाही

आमच्या पिढीच्या घरांत कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच औषध होतं. दाराची बिजागरी कुरकुरली, तेल घाल. झोपाळ्याच्या कड्या वाजायला लागल्या, तेल घाल. रहाट ओरडला, सायकलची साखळी कोरडी पडली, शिवणयंत्र जड चालायला लागलं, तेल घाल. त्यासाठी लांब चोचीची एक पत्र्याची कुपी यंत्राच्या खणात असायची. बूड दाबलं की टुक्‌ असा आवाज करून एकच थेंब टाकायची. ती जागेवर नसली तर स्वयंपाकघरातलं गोडेतेल आणि कबुतराचं पीस. आई बघत नसताना.

मग घरात स्कूटर आली. ‘आली’ म्हणजे नंबर लागला. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून चेतक निघायला लागली, पाठोपाठ साताऱ्याहून प्रिया. पण पैसे भरून ठेवायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची हा रिवाजच होता. मुंज ठरली तेव्हा नंबर लावला आणि मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा गाडी दारात उभी राहिली, अशी घरं आमच्या आळीत होती. एवढ्या तपश्चर्येनं मिळालेली वस्तू कोणी नुसती चालवत नसे. तिला सांभाळत असे. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं. चालू होत नसेल तर तिला कुशीवर कलती करायची. प्लग काढून पॉलिश पेपरवर घासायचा. आणि रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरून, जुन्या बनियनची फडकी घेऊन बसायचं. बाबांच्या बनियनला या घरात सेवानिवृत्ती नव्हती. अंगावरून उतरलं की ते गाडीच्या सेवेत रुजू व्हायचं.

त्या स्कूटरचा ब्रेक एक दिवस ओरडायला लागे. कुणाची गाडी कोपऱ्यावर आली हे आळीला आवाजावरून कळे. वाण्याकडे उधारी असलेल्यांची त्यामुळे पंचाईत होई, पण ते असो. घरातल्या कुणाचा तरी हात सवयीनं कुपीकडे जायचा आणि कोपऱ्यावरचे मेस्त्री तिथूनच ओरडायचे, “अहो, ब्रेकला तेल नाही!”

सगळ्या घराच्या शहाणपणाला छेद देणारं हे वाक्य होतं. बाकी वस्तू सुरळीत फिरावी म्हणून आपण वंगण देतो. ब्रेकचं सगळं पोट घर्षणावर. तिथं तेल गेलं तर आवाज थांबतो हे खरं, पण त्याबरोबर गाडी थांबायचीही थांबते.

मग ड्रम उघडायचा. टोपण काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट सोडवा, आणि घट्ट बसलेला ड्रम लाकडी हातोडीनं कडेकडेनं ठोकत बाहेर काढा. आत अर्धचंद्राकृती दोन ब्रेक शू, त्यांना जोडणारी ताठ स्प्रिंग. ही स्प्रिंग प्रत्येक घरात एकदा तरी उडून तुळशीवृंदावनामागे गेलेली आहे. लायनरवर काचेसारखी चकाकी आलेली असायची, ती पॉलिश पेपरनं मारायची. ड्रम पेट्रोलनं पुसायचा. रॉकेल नाही, कारण रॉकेल वाळलं तरी मागे तेलकटपणा ठेवतं. वंगण फक्त शू उघडणाऱ्या कॅमच्या खुंटीला, तेही नखभर. आतली काळी पूड मात्र आम्ही सगळे तोंडानं फुंकर घालून उडवत होतो. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसाला किती घातक हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. आता ब्रेक उघडाल तर ओल्या फडक्यानंच पुसा.

ती जुनी चेतक पुढे बंद झाली. अंगणं त्याआधीच गेली होती. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांच्या, सुनांच्या, नातवंडांच्या स्कूटर असतात आणि पुढच्या चाकाला पुष्कळदा डिस्क असते. डिस्क म्हणजे अगदी आजची गोष्ट असं मुलांना वाटतं. इटलीच्या लॅम्ब्रेटानं टीव्ही १७५ या स्कूटरला १९६२ मध्येच पुढे डिस्क ब्रेक दिला होता, तोही तारेवर चालणारा. आपल्याकडे सर्रास दिसायला पुढची काही दशकं गेली, इतकंच.

आणि ही डिस्कही ओरडते. ड्रमपेक्षा उंच पट्टीत.

आवाजाचं कारण शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं आहे. खडू फळ्यावर सरळ उभा धरला की किंचाळायचा आणि गुरुजी तो मोडून अर्धा करायचे. खडू चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो, तेही इतक्या झपाट्यानं की त्या थरथरीचा आवाज होतो. ब्रेकचे पॅड आणि डिस्क यांच्यात हेच चालतं. पॅडवर चकाकी आली, मध्ये धूळ बसली, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्या, की थरथर वाढते. पावसाळ्यात सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकला होणारी खरखर मात्र रात्रीत डिस्कवर चढलेल्या पातळ गंजाची असते. ती आपोआप जाते; तिच्यासाठी पाना शोधू नका.

न जाणाऱ्या आवाजासाठी बसकण मारावी लागते, आणि ते काम आपल्या रविवारच्या कामांपेक्षा सोपं आहे. बहुतेक स्कूटरना कॅलिपरचे दोन बोल्ट सोडले की तो हातात येतो. त्याला नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. पॅड बाहेर असताना कुणालाही लिव्हर दाबू देऊ नका. विशेषतः नातवाला. पिस्टन बाहेर आला की ब्रेक ऑइल सांडतं आणि ते रंग खातं. पॅडची चकाकी काढायला पॉलिश पेपर सपाट कडप्प्याच्या तुकड्यावर ठेवा आणि पॅड त्यावर फिरवा. हातात धरून घासलं तर तो वेडावाकडा झिजतो. कडा जराशा तिरप्या करा. डिस्कही ब्रेक क्लीनरनं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, स्वच्छ फडक्यानं पुसा. बनियन चालेल, पण धुतलेलं, आणि गाडीच्या पॉलिशचा हात न लागलेलं. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, पॅडच्या पाठीला त्यासाठीच मिळणारी पेस्ट, अगदी पातळ. पॅडच्या तोंडाला काही नाही. जोडून झालं की गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, हे रस्त्यावर कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं. मग मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगावरून हळूहळू दहापर्यंत, असं काही वेळा करा म्हणजे पॅड डिस्कला बसतो.

अडचण आपल्या हाताची आहे. कुपी गेली, तिच्या जागी फवारा मारायचा डबा आला. गंजावर, कुलपावर, खिडकीच्या सरकपट्टीवर, सगळ्यावर चालणारा. आवाज आला की आमच्या पिढीचा हात अजून तिकडेच जातो. शेजारच्या कुलपावर मारलेला फवाराही वाऱ्यानं डिस्कवर जातो, म्हणून गाडी लांब घ्या. पॅडमध्ये तेल मुरलं की तो घासून सुधारत नाही, टाकावाच लागतो. आम्हांला टाकणं जमत नाही हे मान्य, पण इथं जमवा.

आणि काम सुरू करण्याआधी पॅडवरची खाच बघा. ती झिजून दिसेनाशी झाली असेल, किंवा आवाज किंचाळण्याचा न राहता लोखंडावर लोखंड घासल्यासारखा येत असेल, तर कडप्पा, पेपर काही काढू नका. त्याच दिवशी नवे पॅड आणा आणि दोन्ही एकदम बदला. जुने पॅड ‘असू देत, लागतील कधीतरी’ म्हणून खणात ठेवू नका. ते कधीच लागत नाहीत.