तुम्ही कोणते शिंदे?

आपल्या मुलखात आडनाव सांगून ओळख संपत नाही. तेथून ती सुरू होते. आम्हा शिंद्यांना तर एक प्रश्न ठरलेलाच : "तुम्ही कोणते शिंदे?" आगगाडीत शेंगांचा पुडा पुढे करता करता तो येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, भाड्याचे घर पाहायला जावे तर चहाच्या आधी येतो. विचारणाऱ्याला गाव नको असते, जात हवी असते. कारण हे आडनाव कोणा एका जातीच्या मालकीचे नाही.

तरुणपणी मी या प्रश्नावर चिडत असे. मास्तरकीत केस पिकू लागले तसे वाटू लागले, की चिडण्यापेक्षा उत्तरच नीट शोधावे. शोधू गेलो, तो उत्तरांची रासच लागली!

पहिले शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. त्यांतले दत्ताजी १७६० साली यमुनेकाठी बुराडी घाटावर पडले. महादजी १७६१ च्या पानिपतातून पाय अधू होऊन परतले, आणि त्याच पायाने पुढे दिल्लीपर्यंत गेले. १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला त्यांनी देह ठेवला. तेथे त्यांची छत्री आहे.

उत्तरेत शिंद्यांचे सिंधिया झाले. काशीत मणिकर्णिकेशेजारी सिंधिया घाट आहे. १९१९ साली ५ एप्रिलला मुंबईहून विलायतेला निघालेले 'लॉयल्टी' जहाज ग्वाल्हेर दरबाराकडून घेतलेले, आणि कंपनीचे नावही सिंधिया. ती काढणारे मात्र वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी! नाव असे घर सोडून समुद्रावरही जाते.

पण माझे मन रेंगाळते ते दुसऱ्याच शिंद्यांपाशी. बुलढाण्याच्या ताराबाईंजवळ ना फौज होती, ना तख्त. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून देशभर स्त्रीजातीला नावे ठेवली जाऊ लागली, तेव्हा १८८२ साली या बाईने 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला. जमखिंडीचे विठ्ठल रामजी विलायतेत ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून आले आणि १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी मंडळी स्थापन केली. त्यांच्या भगिनी जनाक्काही त्या कामात उतरल्या. आणि प्रल्हाद शिंदे! त्यांच्या एकाच गळ्यातून पंढरीचा विठोबाही ऐकू येई आणि बाबासाहेबही. ऐकणाऱ्यांपैकी कोणी कधी "कोणते शिंदे?" म्हणून रेडिओ बंद केल्याचे मी तरी पाहिले नाही.

वाचकहो, यांतले माझ्या रक्ताचे कोणीच नाहीत. असते तरी त्यांची थोरवी मला वारसाहक्काने मिळाली नसती. ती ज्याला हवी, त्याने आपल्या कामाने जवळ करावी.

माझ्या वर्गात यंदा चार शिंदे आहेत. चौघांची घरे चार वस्त्यांतली. महादजींचा धडा आला, की चौघेही ताठ बसतात. परवा ताराबाईंची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांतली एक मुलगी तास संपल्यावर माझ्यामागून व्हरांड्यात आली. हळूच म्हणाली, "गुरुजी, त्या आमच्यातल्या का हो?"

प्रश्न आगगाडीतलाच होता. पण या पोरीला त्यातून नाते जोडायचे होते.

मी म्हटले, "हो बाळ, तुमच्यातल्याच."